ताराबाई मोडक : कडेवरचं भावंड सोडून पोरींना शाळेत येता येईना, तेव्हा या बाईंनी शाळेतच पाळणा बांधला

आठ-नऊ वर्षांची एक पोरगी. कडेवर वर्षभराचं भावंड, फ्रॉकला धरून उभं असलेलं दुसरं. आई पहाटेच गवत कापायला नाहीतर लावणीला गेलेली. घर झाडायचं, पाणी भरायचं, बाळ रडलं की झोळी हलवायची, त्याला पेज भरवायची, शी-शू काढायची. हे सगळं ही पोरगी करते. त्याचे तिला पैसे मिळत नाहीत आणि हे काम आहे असंही कुणाला वाटत नाही. गावात शाळा आहे, मास्तर आहेत, फी नाही. तरी हजेरीपटावर तिच्या नावापुढे रोज गैरहजर लागतं.

तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या डहाणू तालुक्यात, वारल्यांच्या पाड्यापाड्यांवर सत्तर वर्षांपूर्वी हे चित्र होतं. सरकारी उत्तर ठरलेलं होतं. आदिवासींना शिक्षणाची आवड नाही, पालक अडाणी आहेत, विषय संपला.

एका बाईंना मात्र हे उत्तर पटलं नाही. पोरगी शाळेत का येत नाही, हे पाहायला त्या तिच्या घरी गेल्या आणि उत्तर त्यांना तिच्या कडेवर सापडलं.

त्या बाई म्हणजे ताराबाई मोडक. आज देशभरात जी अंगणवाडी चालते, ती कल्पना आणि तो शब्द ताराबाईंच्या कामातून आला. ही गोष्ट त्यांची आणि त्या कडेवरच्या बाळाची.

घरातच सुधारणेचं वारं

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ चा, मुंबईचा. माहेरचं आडनाव केळकर. वडील सदाशिवराव प्रार्थना समाजाचे कार्यकर्ते. आई उमाबाई बालविधवा होत्या आणि सदाशिवरावांनी त्यांच्याशी पुनर्विवाह केला होता. त्या काळात विधवेशी लग्न करायचं म्हणजे जातीतून, नात्यातून आणि पंगतीतून उठायची तयारी ठेवायची. अशा घरात मुलगी शिकणार की नाही, हा प्रश्नच नव्हता.

तारा शिकली. १९१४ मध्ये, म्हणजे बाविसाव्या वर्षी, ती मुंबई विद्यापीठाची बी.ए. झाली. तेव्हा मराठी घरांतल्या पदवीधर मुली बोटांवर मोजता येतील इतक्याच होत्या.

पुढे अमरावतीचे वकील कृष्णराव मोडक यांच्याशी लग्न झालं. मुलगी झाली, प्रभा. पण संसार टिकला नाही. १९२१ च्या सुमारास दोघं वेगळे झाले. नवरा असताना नवऱ्यापासून वेगळं राहणारी, पदरात लहान मूल असलेली आणि नोकरी शोधणारी बाई म्हणजे शंभर वर्षांपूर्वी काय असेल, याची कल्पना करा.

त्याच वर्षी ताराबाई राजकोटला गेल्या. तिथल्या बार्टन ट्रेनिंग कॉलेजात शिक्षिका तयार करायचं काम चालायचं. ताराबाई तिथे प्राचार्य झाल्या. पद मोठं, पगार चांगला आणि मुख्य म्हणजे स्वतःच्या पायावर उभं राहायची सोय. एखादीने इथेच समाधान मानलं असतं.

ताराबाईंनी दोन वर्षांत ती नोकरी सोडली.

मिशीवाली आई आणि भावनगरचं बालमंदिर

तर झालं असं, की भावनगरमध्ये गिजुभाई बधेका नावाचे एक गृहस्थ होते. मूळचे वकील. स्वतःच्या मुलाला कसं वाढवायचं, या विचारातून त्यांनी मारिया मॉन्टेसरी यांचं लिखाण वाचलं आणि वकिलीच सोडून दिली. १९२० मध्ये दक्षिणामूर्ती या संस्थेत त्यांनी बालमंदिर सुरू केलं. छडी नाही, घोकंपट्टी नाही. गाणी, गोष्टी, खेळ आणि हाताने करायचं काम. मुलांवरच्या त्यांच्या मायेमुळे गुजरातमध्ये त्यांना मिशीवाली आई म्हणायचे.

१९२३ मध्ये ताराबाई तिथे दाखल झाल्या. प्राचार्यपद सोडून बालमंदिरात. लोकांच्या हिशोबाने हे खाली उतरणं होतं, कारण लहान मुलांना सांभाळणं हे शिक्षणात धरलंच जात नव्हतं. ते काम आयांचं, आजीचं, थोरल्या बहिणीचं. त्यासाठी शिकायचं काय आणि पगार कशाला द्यायचा?

गिजुभाई आणि ताराबाई यांनी नेमकं याच समजुतीवर बोट ठेवलं. मूल सांभाळणं हे डोकं लावून करायचं, शिकून करायचं काम आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. अडीच वर्षांच्या मुलाला रागावून गप्प बसवणं कुणालाही जमतं. त्याला बटण स्वतः लावू देणं आणि तोवर धीर धरणं यासाठी माणूस तयार करावा लागतो. म्हणून बालमंदिराच्या जोडीला तिथे शिक्षक घडवणारं अध्यापन मंदिरही चालायचं.

ताराबाई गुजराती शिकल्या आणि गुजरातीत लिहूही लागल्या. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. संघाचं शिक्षणपत्रिका हे मासिक त्या चालवत. आधी ते गुजरातीत होतं, पुढे मराठीतही आलं. मुलाला मारू नका, भीती घालू नका, जबरदस्तीने भरवू नका, हे आज इन्स्टाग्रामवर रील करून सांगितलं जातं. ताराबाई ते शंभर वर्षांपूर्वी छापून घरोघरी पोचवत होत्या.

पण हे सगळं परवडणार कुणाला?

१९३० च्या दशकात ताराबाई मुंबईला परतल्या. १९३६ मध्ये दादरला शिशुविहार सुरू झालं. तिथे बालवर्ग होता आणि शिक्षिकांसाठी अध्यापनवर्गही. दादर-माटुंग्याच्या शिकलेल्या मध्यमवर्गाने या नव्या पद्धतीचं स्वागत केलं. ताराबाईंचं नाव झालं.

इथेच एक अडचण मात्र त्यांना टोचत होती. मॉन्टेसरी पद्धत म्हणजे ठरावीक मापाची लाकडी साधनं, रंगीत ठोकळे, मणी आणि मुलांच्या उंचीची टेबलं-खुर्च्या. हे सगळं महाग. म्हणजे ज्याच्या घरी आधीच आया आहे, पुस्तकं आहेत, खेळणी आहेत, त्याच्याच मुलाला ही शाळा मिळणार. ज्याची आई दिवसभर शेतात राबते त्या मुलाने काय करायचं?

हाच प्रश्न गांधीजींनाही पडला होता. १९३१ मध्ये गोलमेज परिषदेसाठी लंडनला गेले असताना ते मॉन्टेसरींना भेटले होते. भारतातल्या गरीब खेड्यांतल्या मुलांपर्यंत ही पद्धत कशी न्यायची, हा मुद्दा तेव्हापासून चर्चेत होता. १९४५ च्या सुरुवातीला सेवाग्रामला नई तालीमची परिषद झाली आणि त्यात शिक्षण सातव्या वर्षापासून धरायचं नाही, तर अगदी जन्मापासून धरायचं, असा विचार पुढे आला. सात वर्षांआधीच्या मुलांसाठी आखणी करायची तर त्या विषयातलं जाणतं माणूस हवं. ते काम ताराबाईंकडे आलं.

कागदावर योजना लिहून देणं सोपं होतं. पण ताराबाईंचं मत पडलं की गावात राहून केल्याशिवाय हे कळणार नाही. तेव्हा त्यांचं वय होतं त्रेपन्न. पेन्शनकडे डोळे लागण्याचं वय. त्या वयात दादरमधला बसलेला जम सोडून ताराबाई बोर्डीला निघाल्या.

बोर्डीतली भर दुपार

बोर्डी हे डहाणू तालुक्यातलं समुद्रकाठचं गाव. गुजरातची सीमा जवळ. चिकूच्या वाड्या, बऱ्यापैकी सधन वस्ती आणि त्याच गावाच्या कडेला हरिजनवाडा आणि आदिवासींचे पाडे. साल होतं १९४५. याच भागात, याच वर्षी गोदावरी आणि शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वारल्यांनी सावकार-जमीनदारांच्या वेठबिगारीविरुद्ध उठाव केला होता. फुकट राबवून घेणं हा त्या मुलखातला शिरस्ताच होता. लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी नवरा-बायको दोघंही आयुष्यभर मालकाचे गडी होऊन जात.

अशा ठिकाणी ताराबाईंनी ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केलं. सोबतीला आल्या अनुताई वाघ. अनुताईंचं लग्न तेराव्या वर्षी झालं होतं आणि काही महिन्यांतच त्या विधवा झाल्या होत्या. त्यानंतर त्या शिकल्या, पुण्यात शिक्षिका झाल्या आणि वयाच्या पस्तिशीत ताराबाईंबरोबर बोर्डीला गेल्या. ही जोडी पुढे जवळजवळ तीस वर्षं टिकली.

बालवाडी सुरू झाली. गावातली खात्यापित्या घरची मुलं आली. वाड्यावरची आणि पाड्यावरची मुलं मात्र आली नाहीत.

दुसऱ्या कुणी असतं तर अहवालात प्रतिसाद कमी असं लिहून मोकळं झालं असतं. ताराबाईंनी उलटा विचार केला. मूल शाळेपर्यंत येत नसेल तर शाळेने मुलापर्यंत जायचं. मग शिक्षिका थेट वाड्यावर जाऊ लागल्या. एखाद्या घरापुढचं अंगण झाडायचं, सारवलेल्या जमिनीवर मुलं गोळा करायची. नखं कापायची, केस विंचरायचे, गरज असेल तर आंघोळ घालायची. मग गाणी, गोष्टी, मोजणी, रांगोळी.

अंगणात भरते म्हणून तिचं नाव पडलं अंगणवाडी.

महागड्या साधनांचाही प्रश्न इथेच सुटला. समुद्रकाठचे शंख-शिंपले, चिंचोके, खडे, पानं, फुलं, बांबूचे तुकडे, गवत, माती. लहान-मोठं, जड-हलकं, खरखरीत-गुळगुळीत, हे सगळं पाड्यावरच्या वस्तूंतून शिकवता येतं. मॉन्टेसरींचं तत्त्व तेच राहिलं, खर्च मात्र जवळजवळ शून्यावर आला. शिवाय मुलाला आपल्याच अंगणातल्या वस्तू हातात मिळाल्या. त्याला शाळा परकी वाटेना.

अंगणात शाळा भरवण्याचा आणखी एक फायदा झाला. आया, आज्या आणि थोरल्या बहिणी दारात उभ्या राहून सगळं पाहू लागल्या. बाळाचे डोळे कसे पुसायचे, खरूज कशी धुवायची, रडणाऱ्या मुलाला न मारता कसं रमवायचं. ज्या फुकटच्या कामाला कुणी कधी किंमत दिली नव्हती, ते काम कुणीतरी शिकली-सवरलेली बाई मन लावून करतेय, हेच त्या वाड्याला नवीन होतं. त्यातही ताराबाई-अनुताईंसारख्या वरच्या जातीतल्या बायकांनी हरिजनवाड्यातल्या मुलांना मांडीवर घेणं, हे सगळ्या गावाला पचणारं नव्हतं. तरी काम थांबलं नाही.

कोसबाडची टेकडी आणि खरा प्रश्न

१९५७ मध्ये केंद्र बोर्डीहून कोसबाडला हललं. कोसबाड म्हणजे डहाणूजवळची टेकडी आणि तिच्या भोवती वारल्यांचे पाडे. ताराबाई तेव्हा पासष्टीच्या होत्या. बोर्डीत आदिवासी मुलं काहीच होती, इथे सगळीच.

आणि इथे गाडी पुन्हा अडली.

बालवाडीत लहान मुलं येऊ लागली, पण प्राथमिक शाळेच्या वयाची मुलं गायब. ताराबाई आणि अनुताई पाड्यांवर घरोघर फिरल्या, तेव्हा कारणं स्पष्ट दिसली. मुलगे गुरं-शेळ्या राखायला रानात जायचे. मुली लाकडं, पाणी आणि भावंडं यांत अडकलेल्या असायच्या. आई-बाप दोघंही मजुरीला गेल्याशिवाय चूल पेटत नव्हती. म्हणजे ही सगळी पोरं रिकामटेकडी नव्हती, ती कामावर होती. फरक एवढाच, की त्यांच्या कामाला मजुरी नव्हती.

विचार करा. आईला दिवसभर राबून चार पैसे मिळायचे, कारण घरी एक पोरगी फुकट बाळ सांभाळत होती. त्या पोरीने शाळेत जायचं ठरवलं तर आईची मजुरी बुडणार. म्हणजे शाळा फुकट असली तरी त्या घराला ती महागच पडत होती. पालकांना समजावून, दरडावून किंवा दंड करून हे गणित बदलणार नव्हतं.

बाळाची सोय केली तरच पोरगी मोकळी होणार होती.

ताराबाईंनी कोसबाडला नेमकं तेच केलं. एकाच आवारात तीन गोष्टी आणल्या. अगदी तान्ह्या बाळांसाठी पाळणाघर, अडीच ते सहा वर्षांच्या मुलांसाठी बालवाडी आणि त्यापुढच्यांसाठी प्राथमिक शाळा. या सगळ्याला नाव दिलं विकासवाडी.

आता पोरगी घरून निघताना भावंडांना सोबतच आणू शकत होती. कडेवरचं पाळणाघरात, बोट धरून आलेलं बालवाडीत आणि ती स्वतः वर्गात. बाळ रडलं तर ती हाकेच्या अंतरावर होती, त्यामुळे आईलाही घोर नव्हता. शाळेत मोठी मुलं आणि लहान मुलं एकमेकांच्या नजरेसमोर वाढत होती, जशी ती घरात वाढतात.

मग राहिली गुरं राखणारी पोरं. त्यांच्यासाठी निघाली कुरणशाळा. गुरं जिथे चरतात तिथेच शिक्षिका जायची. झाडाखाली फळा, मुलांचा एक डोळा गुरांवर आणि एक फळ्यावर. ज्यांना दिवसा तेही जमत नाही त्यांच्यासाठी कंदिलाच्या उजेडात रात्रशाळा. वेळ, जागा, अभ्यास, सगळं मुलाच्या दिवसाला जुळवून घेतलेलं.

हे करताना पाड्यावरच्या कामांना ताराबाईंनी कमी लेखलं नाही. मूल गुरं राखतं म्हणजे त्याला गवताच्या, झाडांच्या आणि पावसाच्या खुणा कळतात. पोरगी बाळ सांभाळते म्हणजे तिला जबाबदारी कळते. हे शिक्षणात धरा आणि त्याच्यावर अक्षरं आणि आकडे चढवा, अशी ही पद्धत होती.

सगळं गुलाबी होतं असं मात्र नाही. पावसाळ्यात लावणीला आणि दिवाळीनंतर गवत कापणीला पाडेच्या पाडे रिकामे व्हायचे. कुटुंबं वीटभट्ट्यांवर आणि मिठागरांवर निघून जायची आणि मुलंही सोबत जायची. पैशांची चणचण कायमची होती. आलेलं मूल टिकवणं ही रोजची लढाई होती आणि ती ताराबाईंच्या उरलेल्या आयुष्याला पुरली.

१९६२ मध्ये भारत सरकारने त्यांना पद्मभूषण दिलं. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी, वयाच्या एक्याऐंशीव्या वर्षी ताराबाई गेल्या. कोसबाडचं काम पुढे अनुताईंनी चालवलं. त्यांना १९८५ मध्ये पद्मश्री मिळाली. १९९२ मध्ये त्याही गेल्या.

शब्द देशभर गेला, पण पाळणा मागे राहिला

ताराबाईंच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली. सुरुवात ३३ प्रकल्पांपासून झाली. गावोगावच्या केंद्रांना नाव मिळालं अंगणवाडी. आज देशात तेरा लाखांहून जास्त अंगणवाड्या आहेत. पूरक आहार, लसीकरण, वजन-उंचीच्या नोंदी, पूर्वशालेय शिक्षण, सगळं तिथून चालतं. बोर्डीतल्या एका वाड्यावरून निघालेला शब्द तमिळनाडूपासून काश्मीरपर्यंत सरकारी कागदावर गेला.

पण या प्रवासात एक गोष्ट हरवली. कोणती? पाळणाघर.

सरकारी अंगणवाडी काही तासांची असते. तीन ते सहा वर्षांची मुलं तिथे बसतात. तीन वर्षांखालच्या बाळांच्या वाट्याला मुख्यतः घरी नेण्याचा आहार, वजन आणि लस येते. दिवसभर त्यांना सांभाळायला तिथे कुणी नसतं. म्हणजे आई कामावर गेली की कडेवरचं बाळ पुन्हा थोरल्या बहिणीच्याच कडेवर. कोसबाडला जो तिढा सुटला होता, तो मोठ्या योजनेत तसाच राहिला.

धोरण ठरवणाऱ्यांना हे कळत नव्हतं असं नाही. १९८६ च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात बालसंगोपनाचा संबंध मुलींच्या शिक्षणाशी जोडला होता. २००५ च्या ग्रामीण रोजगार हमी कायद्यात तर एक छान तरतूद केली गेली. कामाच्या ठिकाणी सहा वर्षांखालची पाच किंवा जास्त मुलं असतील तर त्यांना सांभाळायला एका बाईला नेमायचं आणि तिलाही मजुरी द्यायची. मूल सांभाळणं हे काम आहे आणि त्याला मजुरी आहे, हे कायद्याने मान्य केलं. आणि २०२२ मध्ये केंद्राने मिशन शक्तीखाली अंगणवाडीलाच पाळणाघर जोडायची योजना आणली. तिचं नावच पाळणा. ताराबाईंच्या पाळणाघरानंतर अर्ध्याहून जास्त शतक लोटल्यावर.

फुकटच्या कामाचा हिशोब अजून बाकी आहे

ताराबाईंच्या गोष्टीला एक न आवडणारी बाजूही आहे. तीही सांगायला हवी.

ताराबाई आणि अनुताईंच्या पिढीने हे काम सेवा म्हणून केलं. पैशांकडे पाहिलं नाही, पदं सोडली, टेकडीवर जाऊन राहिल्या. तो त्यांचा निर्णय होता. पण सरकारने अंगणवाडीची कल्पना उचलली तेव्हा तो सेवाभावही सोबत उचलला आणि लाखो बायकांकडून तो गृहीत धरला. अंगणवाडी सेविका हा शब्दच बघा. तिला मिळतं ते मानधन, वेतन नाही. २०१८ पासून केंद्राच्या हिशोबाने सेविकेचं मानधन आहे महिना साडेचार हजार रुपये आणि मदतनीसचं सव्वादोन हजार. राज्यं त्यात आपली भर घालतात, पण सरकारी कर्मचाऱ्याचा दर्जा नाही. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सेविका आणि मदतनीस ग्रॅच्युइटीला पात्र असल्याचा निकाल दिला. तरी डिसेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्रातल्या सेविकांना मानधनवाढ, पेन्शन आणि ग्रॅच्युइटीसाठी संपावर जावं लागलं, तो जानेवारीच्या अखेरपर्यंत चालला.

म्हणजे ज्या कामाला ताराबाईंनी ज्ञान म्हणून प्रतिष्ठा मिळवून दिली, त्याची किंमत चुकवताना अजूनही हात आखडतो.

आणि घरातल्या कामाचं काय? सरकारनेच २०१९ मध्ये देशभर वेळेच्या वापराचं सर्वेक्षण केलं. त्यात सहा वर्षांपासून पुढच्या सगळ्यांचा दिवस मोजला. घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या बायका-मुली त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवत होत्या आणि ते करणारे पुरुष ९७ मिनिटं. घरातल्यांची देखभाल करणाऱ्यांमध्ये बायकांची १३४ मिनिटं आणि पुरुषांची ७६. या आकड्यांत आया आहेत, आज्या आहेत, कॉलेज सोडून भाचरं सांभाळणाऱ्या मावश्या-आत्या आहेत आणि शाळेच्या वयातल्या थोरल्या बहिणीही आहेत.

तुमच्या घरातही अशी एखादी असेल. धाकट्यांना मोठं करता करता जिची दहावी राहिली अशी आत्या, किंवा आई नोकरीवर असताना तुम्हाला शाळेतून आणणारी, जेवायला घालणारी ताई. तिच्या त्या वर्षांचा हिशोब कुठल्याही सर्टिफिकेटवर नसतो.

ताराबाईंचं मोठेपण इथे आहे. पोरगी शाळेत का येत नाही, हे त्यांनी तिलाच दोष न देता शोधलं. तिच्या खांद्यावर आधीच एक काम आहे हे त्यांना दिसलं आणि ते काम कुणीतरी वाटून घेतल्याशिवाय तिच्या हातात पाटी येणार नाही, हेही कळलं. म्हणून त्यांनी उपदेश केला नाही. शाळेच्या आवारात पाळणा बांधला.

पुढच्या वेळी अंगणवाडीवरून जाताना आत बसलेल्या मुलांसोबत बाहेर दारात भावंड घेऊन उभी असलेली मुलगी दिसते का, तेही पाहा. ती तिथे उभी असेल, तर ताराबाईंचं काम अजून अर्धंच झालंय.